लोक ख्रिस्ती का होत नाहीत? सातारा-सांगली भागातून वारंवार येणारे प्रश्न

मी मिरजेच्या ख्रिस्ती घरातला. शेजारीपाजारी, शाळासोबती, कामावरची माणसं मात्र जवळजवळ सगळी हिंदू, बौद्ध, मुसलमान नाहीतर जैन. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. मंडळीतले (म्हणजे आमच्या चर्चमधले) लोक विचारतात, “इतकं चांगलं शुभवर्तमान (येशूचा संदेश) आहे, तरी लोक का घेत नाहीत?” मित्र विचारतात, “आम्ही का घ्यावं?” पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी नकार दिला तर त्याचं कारण त्याच्याच तोंडून ऐकावं, आपण त्याच्या वतीने ठरवू नये, हा माझा आग्रह आहे आणि उत्तरं त्याच आग्रहातून लिहिली आहेत.

१. ख्रिस्ती न होणं म्हणजे येशूला नाकारणं का?

नाही. आपल्याकडे कित्येक घरांत देवांच्या तसबिरींच्या रांगेत येशूचीही तसबीर असते. नाताळच्या रात्री चर्चमध्ये मेणबत्ती लावायला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले पुष्कळ असतात. येशूची शिकवण आवडणं, त्याला थोर संत मानणं, त्याला देवाचा पुत्र आणि तारणारा मानणं, आणि बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) घेऊन मंडळीत येणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक पहिल्या दोनांशी थांबतात. गांधीजींचं तसंच होतं. डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात खोल उतरलं होतं, पण एकटा येशूच देवाचा पुत्र हे त्यांना पटलं नाही आणि ते त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. तिसऱ्या ठिकाणी थांबणाऱ्यांसाठी प्रश्न १३ पाहा.

२. आपल्याकडे मिशनचे दवाखाने, शाळा इतक्या जुन्या. तरी ख्रिस्ती लोक इतके थोडे कसे?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही थोडे कमी भरले. त्यातलेही बरेचसे मुंबई, वसई, ठाणे, पुणे या बाजूला. सातारा-सांगलीत गावोगाव मिळून थोडी घरं.

मिशन मात्र जुनं आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे घाटावर आले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. वाईलाही मिशनचं इस्पितळ झालं. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने मिरजेला येत राहिली.

ती आली ती मोतीबिंदू काढायला, मुतखडा काढायला, बाळंतपणाला. बरी होऊन घरी गेली आणि उपकार विसरली नाहीत. आमच्या मिरजेत अजून जुनी माणसं सांगतात, “माझ्या आज्जाला वानलेससाहेबांनी वाचवलं.” सांगताना हात जोडतात. तरी आज्जा घरी जाऊन खंडोबाची तळी भरायचा तो भरतच राहिला. मंडळीतल्या काहींना हे खटकतं. मला खटकत नाही. औषध देताना मोबदल्यात श्रद्धा मागितली असती तर ती सेवा राहिली नसती.

३. खरं सांगा, सगळ्यांत मोठं कारण कोणतं?

घर. धर्मशास्त्राचे आक्षेप खरे आहेत (प्रश्न ५, ६, ७), पण आपल्या भागात शंभरातल्या बहुतेकांचा विचार तिथवर जातच नाही. त्याआधीच घर आडवं येतं.

आपल्याकडे धर्म हा एकट्यादुकट्या माणसाचा कमीच. तो कुळाचा, भावकीचा, गावाचा. पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, घरातले टाक, जत्रेचा नैवेद्य, लग्नातलं देवक, जागरण-गोंधळ. यातली एकेक गोष्ट एकट्याने पाळायची नसते. भावकीतल्या एका घराने “आमच्याकडून या वर्षी जत्रेची वर्गणी नाही” म्हटलं की ते घर देव बदलतंय असं कुणी म्हणत नाही, ते आपल्याला सोडून चाललंय असंच म्हणतात. मग पुढचे प्रश्न येतात. पोरीला स्थळ कुठून येणार? धाकट्याची सोयरीक मोडेल का? बांधावरून चुलत्याशी आधीच वाद आहे, त्यात हे निमित्त होईल का?

“मला पटलंय, पण आई जिवंत आहे तोवर नाही,” हे वाक्य मी किती तरी जणांकडून ऐकलं आहे. मंडळीत याला कच्चा विश्वास म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आईबापांचा मान राख अशी आज्ञा आहे, त्याचाच आधार घेऊन आईसाठी थांबलेल्या माणसाला कच्चा म्हणायचं, हे बसत नाही.

४. आईवडील गेल्यावर क्रियाकर्म कोण करणार? या भीतीने मुलगा थांबतो, यात अर्थ आहे का?

आहे. बाहेरून आलेल्या प्रचारकाला हे सहसा कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

साताऱ्याजवळ संगममाहुलीला किंवा सांगलीला कृष्णेच्या घाटावर दहाव्याला सकाळी गेलात तर दिसेल. पिंड मांडलेले असतात, वर पांढऱ्या भाताचा घास, कडेने दर्भ. सगळे दहा पावलं मागे सरकून कावळ्याची वाट बघतात. कावळा झाडावर असतो पण खाली येत नाही. मग थोरला चुलता पुढे होऊन मोठ्याने म्हणतो, “धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नको.” कावळा शिवतो आणि तिथल्या तिथे बायकांना रडू फुटतं. त्या घटकेला मेलेला बाप आणि जिवंत घर यांच्यात एक वचन झालेलं असतं.

आता थोरला मुलगा ख्रिस्ती झाला आहे असं धरा. अग्नी कोण देणार, पिंड कोण ठेवणार, हे प्रश्न त्याच्या आईला तो बाप्तिस्म्याचं बोलतो त्याच दिवशी दिसायला लागतात. त्यातच कुणी तरी तिला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, आठव्या अध्यायातलं वचन ऐकवतं. एक शिष्य म्हणतो, मला आधी बापाला पुरायला जाऊ दे, आणि येशू म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. आपल्याकडच्या कानाला हे फार कठोर लागतं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतात की हे देवाचं राज्य पहिलं ठेवण्याबद्दल आहे, आईबापांना टाकण्याबद्दल नाही. ते बरोबर आहे, पण आईची भीती त्याने जात नाही.

माझ्या ओळखीत एका घराने वाट काढली. ख्रिस्ती झालेल्या थोरल्याने दवाखान्यापासून घाटापर्यंत बापाचं सगळं केलं, विधीला धाकटा बसला, थोरला त्याच्या मागे उभा राहिला आणि नंतर सगळे एका पंगतीत जेवले. सगळ्याच मंडळ्यांना हे चालतं असं नाही. काही पाळक घाटावर उभं राहण्यालाही हरकत घेतात. म्हणून आधी घरात आणि मंडळीत दोन्हीकडे उघड बोलून घ्यावं.

५. “सगळे देव एकच” मानणाऱ्याला अडचण नेमकी कुठे येते?

“मार्ग, सत्य व जीवन मीच आहे” या वचनात. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात ते आहे, आणि त्याच्याच पुढे येशूच्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही असंही आहे.

लोणंद-तरडगाव-फलटणच्या वाटेवर दरवर्षी माउलींची पालखी बघत वाढलेल्या माणसाला विठ्ठल पुरतो, आणि दुसऱ्याला दुसरा देव पुरत असेल तर त्याबद्दल त्याची तक्रार नसते. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला हिंदू घरांतूनही लोक जातात. असा माणूस येशूला आनंदाने जागा देईल. “बाकीचे सोड आणि हा धर” म्हटलं की तो मागे फिरतो. बाकीचे खोटे कसे म्हणू, माझी आजी खोट्या देवाला भजत मेली का, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो प्रश्न प्रेमातून आलेला असतो.

ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही. कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र येशूवर उघड विश्वास हाच एक मार्ग असं धरून आहेत. तुमच्या दारी आलेला माणूस यांतला कोणता हे विचारून घ्या. निम्मे गैरसमज त्यानेच मिटतात.

६. पाप, नरक, एकच जन्म हे पटत नाही. माझं काही चुकतंय का?

न पटण्यात चूक काही नाही. तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, आदिपाप. आदामाने केलं आणि माझ्या तान्ह्या लेकराला लागलं, हे कर्म मानणाऱ्याला अन्यायाचं वाटतं, कारण त्याच्या हिशेबात ज्याचं त्यालाच भोगायचं असतं. दुसरं, दुसऱ्याने माझं प्रायश्चित्त घेणं. पुष्कळांना ते पळवाट वाटते. याच्या उलट, भोगून भोगून थकलेल्या काहींना ख्रिस्ती धर्माकडे ओढणारी गोष्ट नेमकी हीच असते, की फेडता न येणारं कुणी तरी फेडलं. तिसरं, एका जन्माच्या चुकीला कायमचा नरक. या तिसऱ्यावर ख्रिस्ती विचारवंतांतही फार जुना मतभेद आहे. काही जण शेवटी सगळे वाचतील असं मानतात, काही जण नरक म्हणजे देवापासून तुटणं असं सांगतात, आणि बरेच जण शब्दशः आग मानतात.

माझं मत विचाराल तर नरकाची भीती घालून केलेला प्रचार माणसं जोडत नाही. आपल्याकडे तर तो आजी-आजोबांच्या अपमानासारखा ऐकू येतो.

७. देवच न मानणारे काय म्हणतात?

त्यांचा नकार सगळ्याच धर्मांना आहे, ख्रिस्ती धर्माला वेगळा नाही. या मातीत ती परंपरा भक्कम आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २०१३ साली पुण्यात त्यांचा खून होईपर्यंत ते काम केलं. देव-धर्माला विरोध नाही, धर्माच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे, ही त्यांची मांडणी होती.

या विचाराच्या माणसाला कुमारीच्या पोटी जन्म, पाण्यावरून चालणं, तिसऱ्या दिवशी उठणं यांचा पुरावा हवा असतो. आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की देव प्रेमळ आणि सर्वसमर्थ असेल तर निरपराध लेकरं का मरतात. २००५च्या जानेवारीत मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या वेळी हा प्रश्न आपल्याच घरांत विचारला गेला होता. ख्रिस्ती उत्तर असं, की देव दुःखाच्या बाहेर उभा नाही, वधस्तंभावर तो स्वतः त्यात उतरला. मला त्या उत्तराने धीर येतो. ज्याला येत नाही, त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणावं.

८. फुले मिशनच्या शाळेत शिकले, मिशनरींचे मित्र होते. मग ख्रिस्ती का झाले नाहीत?

जोतीरावांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं नायगाव, त्यामुळे हा प्रश्न इकडून फार येतो. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव शिकले, सावित्रीबाईंनीही मिशनरी बायकांकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. त्यांच्या ओळखीतले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहीत.

येशूबद्दल त्यांना मोठा आदर होता. गोरगरिबांच्या बाजूने उभा राहणारा म्हणून त्यांनी त्याला बळीराजाच्या मालिकेत बसवलं. पण कोणताही एक ग्रंथ आदिपासून अंतापर्यंत पूर्ण सत्य आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. निर्मिक (जगाचा निर्माता) आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, हा त्यांचा ठाम विचार. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापलेल्या सार्वजनिक सत्यधर्माच्या पुस्तकात ते एक घर रंगवतात. त्या घरातली बाई वाटलं तर बौद्ध व्हावी, नवरा ख्रिस्ती, लेक मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा द्वेष न करता सगळ्यांनी एकत्र नांदावं. प्रश्न ३ मधल्या घराला याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

९. बाबासाहेबांनी धर्म बदलला, पण ख्रिस्ती धर्म का निवडला नाही?

बाबासाहेबांचं लहानपण साताऱ्यात गेलं, ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत घातलं. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी सगळे धर्म तपासले. ख्रिस्ती पुढारीही त्यांना येऊन भेटले होते.

ख्रिस्ती धर्माबद्दलचे त्यांचे आक्षेप ठोस होते. धर्मांतर करूनही ख्रिस्ती समाजात जात उरली. शिकलेले ख्रिस्ती आपल्याच खालच्या थरातल्या भावंडांच्या हक्कांसाठी उभे राहिले नाहीत. तुझ्या दुःखाचं मूळ तुझं पाप आहे, असं शिकवल्यावर माणूस समाज बदलायला उठत नाही. शिवाय १९३६ साली त्यांनी म्हटलं होतं की इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर दलित वर्ग राष्ट्रीयत्वापासून दूर जाईल. बुद्धाकडे त्यांना प्रज्ञा, करुणा, समता मिळाली आणि मोक्षदात्याची गरज उरली नाही.

एखाद्या बौद्ध मित्राला येशूबद्दल सांगायचं असेल तर आधी हे वाचा. त्याचा नकार विचारपूर्वक केलेल्या निवडीतून आला आहे.

१०. चर्चमध्येही जात असते म्हणून लोक येत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. चर्चमध्ये बाक एक, प्रभुभोजनाचा (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या विधीचा) प्याला एक, पण सोयरीक जुळवताना “मूळचे कुठले?” हा प्रश्न अजून येतो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. दफनभूमीच्या जागेवरून, पंच निवडताना, पाळकाच्या नेमणुकीत तो पुन्हा डोकावतो. बाहेरचा माणूस हे बघतो आणि म्हणतो, जातीसाठीच निघायचं तर इथे येऊन काय मिळालं? त्याला द्यायला आमच्याकडे सबब नाही, असूही नये. मंडळीने स्वतःचं घर साफ करणं एवढंच त्यावरचं उत्तर.

११. “भाकरीसाठी धर्म बदलला” असं म्हणतात. त्या बदनामीमुळे लोक थांबतात का?

थांबतात. आधीच गरीब असलेल्या माणसाला आपण विकलो गेलो असं कुणी म्हणावं, हे नको असतं.

१८७६-७८चा दुष्काळ, मग १८९६ आणि १८९९चे. या काळात मिशनने अन्नछत्रं, अनाथालयं चालवली आणि त्या सुमाराला दख्खनमध्ये बरेच लोक ख्रिस्ती झाले, मुख्यतः गावकुसाबाहेरचे. भुकेचा वाटा त्यात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांना गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्यांना कुणी नावाने हाक मारली, शेजारी बसवलं, मुलांना पाटी दिली. हे भाकरीहून मोठं होतं. दुष्काळ संपल्यावरही त्यांची पोरं-नातवंडं त्याच विश्वासात राहिली, शिक्षक झाली, नर्स झाली. फक्त भाकरीच हवी असती तर पाऊस पडल्यावर सगळे परत गेले असते.

आज कुणी पैसे, नोकरी, फी-माफी यांच्या बदल्यात धर्म बदलायला सांगत असेल तर ते चूक आहे, आणि ख्रिस्ती माणसानेच आधी त्याला अडवलं पाहिजे.

१२. हा साहेबाचा धर्म, आपला नव्हे. यात तथ्य किती?

आठवणीपुरतं तथ्य आहे. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केलं. महाबळेश्वर-पाचगणीची जुनी चर्चं गोऱ्या साहेबांसाठी उभी राहिली. पत्री सरकारच्या मुलखात साहेबाचा देव आपला वाटणं कठीणच होतं. दुसरी बाजू अशी, की १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनरींना कंपनी सरकारने परत पाठवायचा घाट घातला होता. राज्य आणि मिशन नेहमीच एका गाडीत बसलेले नव्हते. आणि येशू स्वतः तर आशियातला.

हा परकेपणा सगळ्यांत जास्त कुणाला खुपला असेल तर तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. चित्पावन ब्राह्मण घरातले हे कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं असं सांगत राहिले. त्यांची भजनं आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो, कीर्तनंही होतात. नाताळात आमच्याकडे करंज्या आणि चकल्याच असतात. पण चर्चच्या नावापासून पाळकाच्या झग्यापर्यंत बरंच परकं उरलं आहे, आणि ते बघून कुणी थांबत असेल तर दोष त्याचा नाही.

१३. मी येशूला मानतो, रोज प्रार्थना करतो, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी कोण?

कागदावर तुम्ही ज्या धर्मात जन्मलात त्याच धर्माचे. मंडळीच्या नियमाने सभासद नाही, आणि बहुतेक ठिकाणी प्रभुभोजनाला बसता येत नाही. उपासनेला यायला कुणाची हरकत नसते.

तुमच्यासारख्यांचा विचार टिळकांनी साताऱ्यातच केला होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. त्यांच्याच घरचं उदाहरण घ्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या धर्मांतरानंतर तब्बल पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःला पटल्यावर ख्रिस्ती झाल्या. तोवर त्या अर्धवट होत्या असं कुणी म्हणू शकेल का? थांबण्याचं कारण घर असेल तर प्रश्न ३ आणि ४, कायदा असेल तर पुढचे दोन प्रश्न वाचा.

१४. आरक्षण जातं म्हणून लोक बाप्तिस्मा घेत नाहीत, हे खरं का?

बऱ्याच घरांत खरं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आलेले नाहीत. म्हणजे तीच वस्ती, तेच आडनाव, तीच वागणूक, पण ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत जाते. अनुसूचित जमातींना मात्र ही धर्माची अट नाही. या प्रश्नावर केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

अवघड जागा पुढेच आहे. विश्वास ख्रिस्ती ठेवायचा आणि दाखला हिंदू म्हणून चालू ठेवायचा, असं काही जण करतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात सांगितलं, की प्रत्यक्ष ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही घटनेशी फसवणूक आहे. मुलाची बारावी, पुढे इंजिनिअरिंगची फी आणि दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा, असा पेच ज्या बापापुढे असतो, त्याला लोभी म्हणणं मला जमणार नाही. कायद्याने धर्म बघून सवलत काढली नसती तर तो पेच आलाच नसता.

१५. धर्म बदलला तर जमिनीचा वाटा जातो का? लग्नाचं काय?

वाटा जात नाही. ख्रिस्ती झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा हिंदू आईबापांच्या मिळकतीवरचा हक्क टिकतो. मात्र हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारस म्हणून मिळकत मिळत नाही, वारसा उघडेल त्या वेळी ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळते. भाऊबंदकीत “तू ख्रिस्ती झालास, आता सही करून मोकळा हो” असं दडपण येतं. सही करण्याआधी वकिलाला विचारा.

नवरा-बायकोपैकी एकाने धर्म बदलला तर हिंदू विवाह कायद्यात ते दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचं कारण ठरू शकतं. नवीन लग्नाला धर्म बदलण्याची सक्ती नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन दोघे आपापल्या धर्मात राहून नोंदणी करू शकतात. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यालाही दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतो. मंडळीचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात.

१६. प्रार्थनेने आजार बरा होतो म्हणून गेलो. झाला नाही, आता विश्वास उडाला.

तुमच्यावरच दोष टाकला गेला असेल, “विश्वास कमी पडला” म्हणून. तो मनातून काढून टाका. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हे आमच्या श्रद्धेचा भाग आहे, पण औषध बंद करायला लावणं हा भाग नाही. ज्या धर्माच्या लोकांनी मिरजेत इस्पितळ उभारलं, त्याच्या नावाने इन्सुलिन थांबवायला सांगणारा माणूस त्या परंपरेच्या विरुद्ध वागतो. आजार हमखास बरा करतो अशी जाहिरात आणि जादूटोणाविरोधी कायद्यात येणारे प्रकार पोलिसांत सांगता येतात, तिथे धर्म कोणता हे बघायचं नसतं.

१७. जन्माने ख्रिस्ती असलेलेच सोडून जातात, ते का?

इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ साली ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ साली ४६.२ टक्क्यांनी, आणि धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के झाले. तिकडची कारणं म्हणजे विज्ञानाशी न जुळणाऱ्या गोष्टी, स्त्रिया आणि समलिंगी व्यक्तींबद्दलची चर्चची भूमिका, आणि धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार व ते झाकणारे वरिष्ठ. या शेवटच्या कारणाला माझ्याकडे काही उत्तर नाही, आणि कुणी ते देऊही नये.

आपल्याकडे गळती वेगळ्या तऱ्हेची. मिशनच्या जागांवरून वर्षानुवर्षं चाललेले कोर्टाचे खटले, उपासनेनंतर आवारात होणारी भांडणं, हे बघत वाढलेली पोरं पुण्याला नोकरीला गेली की रविवारी झोपून राहतात. आईने फोनवर विचारलं, “चर्चला गेला होतास का?” तर हो म्हणतात. त्यांचा येशूवर राग नसतो. आमच्यावर असतो.

१८. घरी प्रार्थनेला येणाऱ्यांना, किंवा मुलीच्या शाळेतल्या प्रार्थनेला, नको म्हणायचं असेल तर?

सरळ म्हणा. “तुमच्या भावनेचा आदर आहे, पण आम्हाला नको,” एवढं पुरे, कारण द्यावं लागत नाही. घटनेच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानायचं, पाळायचं आणि त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य दिलं आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत तुमच्या संमतीवाचून मुलीला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे कलम २८ मध्ये आहे. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि येणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी: मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूचं ऐकून खिन्न होऊन निघून जातो. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं असं तिथे लिहिलं आहे. त्याच्या मागे धावल्याचं लिहिलेलं नाही. नको म्हणणाऱ्याच्या दारी पुन्हा तीच पत्रिका घेऊन जाऊ नका. त्याच्याकडे लग्नकार्य असेल, कुणी आजारी असेल, तर तेव्हा मात्र जा.